पानावरचे अंडे आणि भिंतीवरचा तक्ता

विज्ञान प्रदर्शनांना परीक्षक म्हणून जाण्याचा योग मला दरवर्षी येतो. गेली काही वर्षे तिथे एक तक्ता हमखास भेटतो. ‘पानांवरील कीटकांची अंडी ओळखा’ किंवा त्यासारखे काहीतरी शीर्षक, खाली दहा-बारा चौकटी, प्रत्येक चौकटीत हिरव्या पानावर एक सुरेख फोटो आणि फोटोखाली एक नाव. मुले काठी ठेवतात आणि धडाधड नावे सांगतात. परीक्षक खूश होतात. मीही बरीच वर्षे खूश होत असे.

तक्ता मुलांनी रंगवला असला तरी त्याचा साचा मोठ्यांनी घडवलेला आहे. बागकामाच्या पुस्तिका, शेतीविषयक भित्तिपत्रके, आणि आता फोनवरची ॲप, सगळीकडे हाच साचा चालतो. तेव्हा पुढची टीका मुलांवर नाही, त्या साच्यावर आहे. माझे म्हणणे असे की, चित्राशी चित्र जुळवून पानावरचे अंडे ओळखता येते ही समजूत बहुतेक वेळा खोटी असते. आणि ती जिथे सर्वांत खोटी ठरते, नेमकी तिथेच चुकीची किंमत मोठी असते.

हे मला स्वतःच्या चुकीतून कळले, म्हणून ती आधी सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका शाळेने परसबाग केली होती. वांगी, भेंडी, चवळी, कडेला कढीपत्ता आणि लिंबू. वांग्याच्या पानांची जाळी होऊ लागली तेव्हा तिथल्या विज्ञानाच्या बाईंनी मला बोलावले. पानांवर एपिलॅक्ना भुंगेरे फिरत होते. तांबूस रंगाचे, पाठीवर काळे ठिपके, पण ढालकिड्यासारखी चकाकी नसलेले. हा भुंगेरा आणि त्याच्या अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडून खातात आणि मागे शिरांची जाळी ठेवतात. उपाय सोपा होता, आणि बिनविषारीही. पानांच्या खालच्या बाजूला उभ्या रचलेल्या पिवळ्या अंड्यांचे पुंजके असतात, ते शोधायचे आणि चिरडायचे. मी एक पुंजका दाखवला आणि तीस मुलांनी अर्ध्या तासात बाग पालथी घातली. निघालेल्यांपैकी चार पुंजके मात्र मी चार बाटल्यांत ठेवायला सांगितले, एपिलॅक्नाची अळी कशी दिसते ते मुलांना दाखवता यावे म्हणून.

चौथ्या दिवशी बाईंचा फोन आला. “मॅडम, दोन बाटल्यांत तुम्ही म्हणालात तशाच पिवळ्या, काटेरी अळ्या आहेत. पण उरलेल्या दोनांत काहीतरी वेगळंच निघालंय. काळपट, लांब पायांचं. आणि ते शेजारची न फुटलेली अंडी खातंय!”

ती ढालकिड्यांची पिल्ले होती. मावा खाऊन फस्त करणारी, शेतकऱ्याने जपावीत अशी. चारांतले दोन पुंजके मित्राचे निघाले. चिरडलेल्यांत किती मित्राचे आणि किती शत्रूचे, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पुढच्या पंधरवड्यात भेंडीवर मावा वाढला. तो आमच्यामुळेच वाढला असे म्हणायला काही पुरावा नाही. बाईंना मी तसे सांगितलेही. त्या काही बोलल्या नाहीत.

माझी डॉक्टरेट कीटकांवरचीच आहे. पण मी आयुष्यभर अंडी पाहिली ती प्रयोगशाळेत, कुणी घातली ते आधीच ठाऊक असलेली. बाटलीवर चिठ्ठी असते, आत अंडी असतात. पानावर चिठ्ठी नसते, हा साधा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता.

आता या दोन अंड्यांकडे नीट पाहू. ढालकिडा आणि एपिलॅक्ना ही एकाच कुळातली भावंडे. दोघांची अंडी पिवळी, दोन्ही टोकांना निमुळती, पानाच्या खालच्या बाजूला पुंजक्याने आणि उभी चिकटवलेली. दोघांचीही तीन-चार दिवसांत फुटतात. तक्त्यावर एका चौकटीत ‘ढालकिडा: मित्र’ आणि दुसरीत ‘एपिलॅक्ना: शत्रू’ असे लिहिलेले असते. फोटो दोन वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी, वेगवेगळ्या उजेडात काढलेले असल्यामुळे ते एकमेकांहून वेगळेही दिसतात. मुलाला वाटते, फरक कळला. खरे म्हणजे त्याला कळलेला फरक दोन छायाचित्रकारांमधला असतो.

मग फरक करायचा कशावरून? आजूबाजूला बघून. एपिलॅक्नाची मादी अंडी घालते ती तिच्या पिल्लांना खाता येईल अशा पानावर, म्हणजे वांगे, बटाटा, काही वेलभाज्या यांवर. ढालकिड्याच्या मादीला पानाशी कर्तव्य नसते. तिला हवा असतो मावा, आणि मावा असेल त्या पानाजवळ ती अंडी घालते. जास्वंदीवर माव्याशेजारी पिवळा पुंजका दिसला तर तो एपिलॅक्नाचा असण्याचे कारण नाही. वांग्यावर मावा नसेल आणि पानांना जाळी पडलेली असेल, तर शंकेचा काटा एपिलॅक्नाकडे झुकतो. वांग्यावर मावाही असेल तर? तर सांगता येत नाही. आमच्या बागेत नेमके हेच होते. वांग्याच्या पानामागे मावा होता आणि मी त्याच्याकडे पाहिले नव्हते, कारण मी अंडी शोधत होते. तक्त्याने लावलेली सवय ती हीच. फोटोच्या चौकटीबाहेर काय आहे हे तक्ता कधीच सांगत नाही आणि आपणही तिकडे पाहणे सोडून देतो.

दुसरे उदाहरण त्याच बागेच्या कडेचे. कढीपत्ता किंवा लिंबाच्या कोवळ्या पानावर मोहरीपेक्षा लहान, गुळगुळीत, फिकट पिवळा गोल मणी एकटाच चिकटलेला दिसतो. तक्त्यावर त्याच्याखाली लिहिलेले असते ‘लिंबावरचे फुलपाखरू’. असेलही. पण कॉमन मॉर्मन हे काळे फुलपाखरू याच झाडांवर अंडी घालते आणि तिचेही अंडे गुळगुळीत, गोल आणि पिवळसरच असते. साध्या भिंगाखाली दोन्हींत फरक करणे मला तरी जमत नाही. बरे, अंड्यातून अळी निघाली तरी लगेच उलगडा होत नाही. दोघांच्याही लहान अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, तपकिरी आणि मधे पांढरा डाग असलेल्या. त्या मोठ्या होऊन हिरव्या झाल्या की मग पट्ट्यांवरून खात्री होऊ लागते. म्हणजे अंड्याचे नाव कळायला दहा-बारा दिवस लागतात आणि तोवर ते अंडे राहिलेलेच नसते. इथे चूक झाली तर कुणाचे नुकसान होत नाही, हे खरे. पण ‘पॅपिलिओ प्रजातीतले कुठलेतरी फुलपाखरू’ एवढे म्हणणे हे बरोबर उत्तर आहे आणि ‘लिंबावरचे फुलपाखरू’ हे नशिबाने बरोबर ठरणारे उत्तर आहे, हा भेद वर्गात शिकवायचा नाही तर कुठे?

मात्र अंड्याच्या रूपाला काहीच अर्थ नाही असे मी म्हणत नाही. उलट, रूप बरेच सांगते. फक्त तक्ता त्याला विचारतो तो प्रश्न चुकीचा असतो. रूपावरून जात सहसा कळत नाही, पण कूळ पुष्कळदा कळते. कॅशियाच्या किंवा बहाव्याच्या कोवळ्या पानावरचे लांबट, उभ्या रेघांचे, चातीसारखे अंडे पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या कुळातले. रुईच्या पानावरचे घुमटाकार, रेघा आणि आडव्या खाचा असलेले अंडे टायगर फुलपाखरांच्या गटातले. चित्रकाच्या किंवा चवळीच्या कळीवरचे चपटे, मधे खळगा असलेले, जाळीदार नक्षीचे चिमुकले अंडे म्हणजे निळ्या फुलपाखरांचे कूळ. दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून ही नक्षी एकदा पाहिली की विसरत नाही.

ही नक्षी येते कुठून हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. अंड्याचे कवच मादीच्या पोटातच तयार होते. अंड्याभोवती पेशींचा एक थर असतो आणि त्या पेशी कवचाचे द्रव्य स्रवतात. पेशी निघून जातात, पण त्यांचे ठसे कवचावर राहतात. भिंगातून दिसणारे बहुकोनी घर म्हणजे बहुधा आईच्या एकेका पेशीचा ठसा असतो. कवचाच्या टोकाला शुक्राणू आत जाण्यासाठी सूक्ष्म छिद्रे असतात, आणि पुष्कळ कीटकांत हवा आत-बाहेर होण्यासाठी वेगळी छिद्रे असतात. हॉवर्ड हिंटन या शास्त्रज्ञाने या कवचांचा जन्मभर अभ्यास केला. त्यांचा ‘बायॉलॉजी ऑफ इन्सेक्ट एग्ज’ हा तीन खंडांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९८१ साली प्रसिद्ध झाला. तीन खंड! आणि आपण हा विषय बारा चौकटींत बसवतो.

तक्त्याचा दुसरा दोष असा की, तिथे अंडे ही एक वस्तू असते. ठरलेल्या रंगाची, न बदलणारी. पानावरचे अंडे ही तीन-चार दिवसांची घडामोड असते. हिरव्या ढेकण्यांचे उदाहरण घ्या. त्यांची अंडी छोट्या पिंपासारखी, वर गोल झाकण असलेली, षटकोनी पुंजक्यात एकमेकांना चिकटून. ताजी असतात तेव्हा मलईच्या रंगाची, फुटायला आली की गुलाबी-केशरी. झाकण उघडून पिल्ले बाहेर येतात आणि पहिल्या अवस्थेत रिकाम्या कवचांवरच गर्दी करून बसतात. तक्त्यात यातला एकच क्षण पकडलेला असतो. मुलाला मलईच्या रंगाचा पुंजका ओळखता येतो. केशरी रंगाचा दिसला की तो दुसऱ्या चौकटीत शोधू लागतो.

आणि पुंजका काळा पडला असेल तर? अशा वेळी अंड्याचा मालकच बदललेला असण्याचा संभव असतो. जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या काही गांधीलमाश्या दुसऱ्या कीटकांच्या अंड्यांत आपली अंडी घालतात. आत ढेकण्याऐवजी गांधीलमाशी वाढते आणि अंडे काळपट होते. शेवटी झाकण नीट उघडत नाही. त्याला कुरतडल्यासारखे वेडेवाकडे भोक पडते. आपल्या ऊस पिकवणाऱ्या भागातल्या मुलांना हे सांगायला नको. ट्रायकोकार्ड त्यांच्या घरी आलेले असते. त्या पोस्टकार्डवजा कागदावर तांदळावरच्या पतंगाची हजारो अंडी चिकटवलेली असतात आणि ट्रायकोग्रामा या गांधीलमाशीने त्यांत अंडी घातली की तीन-चार दिवसांत ती काळी होतात. कार्ड काळे म्हणजे चांगले, हे तिथल्या शेतकऱ्याला माहीत असते. ‘हे अंडे कुणाचे?’ या प्रश्नाला तिथे दोन उत्तरे आहेत, घालणाऱ्या पतंगाचे आणि आत वाढणाऱ्या गांधीलमाशीचे, आणि दोन्ही बरोबर आहेत. फोटोखाली मात्र एकच नाव लिहायची जागा असते.

तक्त्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. एक चौकट अशी आहे की तिथे चित्र जुळवणे पुरते. पानावर केसासारखे बारीक, अर्धा-पाऊण सेंटिमीटर उंचीचे पांढरे दांडे आणि प्रत्येकाच्या टोकावर एक लांबट दाणा. हे क्रायसोपाचे अंडे. मादी पोटाचे टोक पानाला टेकवून चिकट द्रवाचा थेंब सोडते, टोक वर उचलते, थेंबाचा धागा ताणला जातो, क्षणात कडक होतो आणि त्याच्या टोकावर अंडे ठेवले जाते. मुंग्यांपासून आणि स्वतःच्याच हावरट भावंडांपासून त्याचे रक्षण होते. असे अंडे सहसा दुसऱ्या कशाशी गोंधळवता येत नाही.

तरीही माणसाने गोंधळ केलाच आहे. आपल्याकडे क्वचित दिसणाऱ्या माणसाला ‘उंबराचे फूल’ म्हणतात. बौद्ध परंपरेत उदुंबराचे फूल तीन हजार वर्षांतून एकदाच उमलते असे मानले जाते. तो शब्द चीनमार्गे जपानला पोचला आणि तिथे ‘उदोंगे’ झाला. आज जपानी भाषेत क्रायसोपाच्या या अंड्यांनाही ‘उदोंगे’च म्हणतात. कोरियात आणि चीनमध्ये मूर्तीवर किंवा लोखंडी नळीवर ‘उदुंबर फुलल्या’च्या बातम्या अलीकडच्या काळातही येऊन गेल्या आहेत आणि कीटकशास्त्रज्ञांना तिथे जाऊन ही अंडी आहेत असे सांगावे लागले आहे. आपल्या उंबराचे फूल फळाच्या आतच दडलेले असते हे आठवीतल्या मुलाला माहीत असते, त्यामुळे ही गोष्ट वर्गात रंगते.

पण अंडी क्रायसोपाची इतके कळले तरी कुठल्या क्रायसोपाची? भारतीय शेतातल्या सर्वांत नेहमीच्या जातीला आपली पुस्तके कितीतरी वर्षे ‘क्रायसोपर्ला कार्निया’ म्हणत होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती युरोपातल्या त्या जातीहून निराळी असल्याचे दाखवण्यात आले. नर आणि मादी पोट हलवून पानातून एकमेकांना कंपनांचे संदेश देतात, त्या ‘गाण्यां’चा या निर्णयात मोठा वाटा होता. म्हणजे पूर्ण वाढलेला कीटक हातात असूनही केवळ रूपावरून जात ठरली नव्हती. मग अंड्याच्या फोटोकडून आपण किती अपेक्षा ठेवायची?

आणखी एक अडचण तक्ता कधीच मांडत नाही. पानावरची प्रत्येक गोल वस्तू अंडे नसते. आपल्याकडे द्राक्षाचा प्रदेश मोठा आहे, म्हणून ते उदाहरण घेते. द्राक्षाच्या कोवळ्या फुटीवर आणि पानाखाली पारदर्शक, मोत्यासारखे बारीक थेंब दिसतात. भिंगाखालीही ते कोळ्याची नाहीतर किडीची अंडी वाटतात. ते वेलीच्या स्वतःच्याच पेशींचे बनलेले असतात. त्यांतून काहीही निघत नाही. आंब्याच्या पानावरच्या गाठींचे उलटे आहे. ती अंडी नव्हेत, पण त्यांच्या आत कीटक आहे. सतराव्या शतकात फ्रान्चेस्को रेडी यांनी झाकलेल्या मांसात अळ्या पडत नाहीत हे प्रयोगाने दाखवले, हे आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. तेच रेडी पानांवरच्या गाठींतले किडे मात्र झाडापासूनच निपजतात असे मानत होते. त्यांना तिथे अंडे दिसले नाही. पुढे मालपिगी यांनी गाठींच्या मुळाशी कीटकाचे अंडे असते हे दाखवले. पानावर अंडे आहे की नाही या प्रश्नावर थोर माणसेही चुकली आहेत, हे ऐकून मुलांना धीर येतो असा माझा अनुभव आहे.

फुलपाखरेसुद्धा फसतात. अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशात हेलिकोनियस नावाची फुलपाखरे कृष्णकमळाच्या वेलींवर अंडी घालतात. त्यांच्या अळ्या एकमेकींना खातात, म्हणून ज्या पानावर आधीच अंडे आहे ते पान मादी टाळते. कृष्णकमळाच्या काही जातींवर पिवळे, अंड्यासारखे दिसणारे उंचवटे असतात. १९८१ मध्ये विल्यम्स आणि गिल्बर्ट यांनी प्रयोग करून दाखवले की, असे खोटे अंडे असले की मादी तिथे अंडे घालायला कचरते. चित्राशी चित्र जुळवून निर्णय घेणारी ही मादी आणि आपला तक्ता, दोघांची पद्धत एकच. आपल्या अंगणातल्या कृष्णकमळावर हेलिकोनियस येत नाही. तिथे येते ते टॉनी कोस्टर हे नारिंगी फुलपाखरू, आणि ते पिवळी अंडी एकेक न घालता पुंजक्यांनी घालते. अमेरिकेतला फोटो पाहून आपल्या वेलीवरचे अंडे ओळखणाऱ्याची इथेही फजिती होते.

फोनवरच्या ॲपबद्दल शिक्षक नेहमी विचारतात. फोटो दाखवला की नाव येते, मग तक्ता हवाच कशाला? ॲपला शिकवतात ते फोटोंवरून. पूर्ण वाढलेल्या फुलपाखरांचे फोटो लोक भरपूर काढतात, अंड्यांचे तुरळक. शिवाय ज्या अंड्याचे पुढे काय झाले ते पाहिलेले नाही, त्या फोटोखालचे नाव हा मुळात कुणाचा तरी अंदाजच असतो. अंदाजांवर शिकलेले यंत्र अंदाजच सांगणार, फक्त ठाम आवाजात. त्यातल्या त्यात आयनॅचरलिस्टचे मला कौतुक वाटते. जातीची खात्री नसेल तेव्हा ते प्रजातीवर किंवा कुळावर थांबते. तेवढा प्रामाणिकपणा आमच्या तक्त्यात नसतो.

उपलब्ध माहितीही मुळात किती थोडी आहे ते पाहा. २०१९ मध्ये काही संशोधकांनी जुन्या-नव्या शास्त्रीय लेखांतून कीटकांच्या अंड्यांची मापे गोळा केली. त्यांना सुमारे ६७०० जातींची मापे मिळाली. कीटकांच्या नोंदलेल्या जाती दहा लाखांच्या आसपास आहेत. म्हणजे शंभरांतल्या एका जातीच्याही अंड्याचे माप त्यांच्या हाती लागले नाही. जी मिळाली त्यांत सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या अंड्याच्या घनफळात सुमारे दहा कोटी पटींचा फरक निघाला. तक्त्यावर मात्र सगळी अंडी चौकटीत मावतील अशी सारख्याच आकाराची असतात. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून फोटो काढा एवढे जरी मुलांना सांगितले तरी निम्मे गोंधळ टळतील.

मग अंडी ओळखायचीच नाहीत का? ओळखायची, पण सुरुवात झाडापासून करायची. फुलपाखरांवरची आपली चांगली पुस्तके हेच करत आली आहेत. विंटर-ब्लाइथ यांचे १९५७ चे पुस्तक घ्या, कृष्णमेघ कुंटे यांचे २००० चे घ्या किंवा आयझॅक किहीमकर यांचे २००८ चे घ्या. अळी कोणते झाड खाते हे त्यांत दिलेले असते. २०१८ मध्ये पश्चिम घाटातल्या फुलपाखरांच्या खाद्यवनस्पतींची एकत्रित यादी प्रसिद्ध झाली. ३३६ पैकी ३२० जातींची झाडे त्यात आहेत. झाड ओळखता येणाऱ्या मुलाला या यादीमुळे शेकडो शक्यतांतून चार-पाचांवर येता येते. हे काम कोणताही फोटो करू शकत नाही. वनस्पतींचा तास आणि कीटकांचा तास आपण वेगळे ठेवतो, ही खरी अडचण आहे.

झाडानंतर जागा बघायची. पान कोवळे की जून, वरची बाजू की खालची, अंडे एकटे की पुंजका, शेजारी मावा आहे का, मुंग्या आहेत का, पान खाल्ल्याच्या खुणा आहेत का. आणि मग थांबायचे. देठाला ओला कापूस गुंडाळलेले पान रुंद तोंडाच्या बाटलीत ठेवावे, तोंडाला मलमलचे फडके बांधावे, बाटली उन्हात ठेवू नये. गांधीलमाश्या निघतील तर त्या फडक्यातून निसटू नयेत म्हणून कापड दाट विणीचे हवे. जे निघेल ते त्या अंड्याचे उत्तर. फुलपाखराची अळी पुष्कळदा आपले कवच खाऊन टाकते, तेव्हा अंडे ‘नाहीसे’ झाले तरी पान टाकून देऊ नये; अळी शिरेला चिकटून बसलेली असते.

अशी एक वही मी दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात पाहिली. सातवीतल्या मुलीची. कढीपत्त्यावरची पाच गोल अंडी, रोजचे चित्र, रोजची तारीख. पाचव्या दिवशी लिहिले होते: तीन अंड्यांतून अळ्या निघाल्या. एक काळे पडले आहे. एक तसेच आहे. सातव्या दिवशी: काळ्या अंड्यातून मुंगीपेक्षा लहान, पंख असलेल्या माश्या निघाल्या, किती ते मोजता आले नाही. पाचव्या अंड्यासमोर शेवटपर्यंत ‘माहीत नाही’ असेच होते. निष्कर्षाच्या जागी तिने फुलपाखराचे नाव लिहिले नव्हते, कारण अळ्या हिरव्या होण्याआधीच प्रदर्शनाची तारीख आली. आम्ही तीन परीक्षक होतो. दोघांचे मत पडले की प्रकल्प अपुरा आहे. मी बराच वाद घातला, पण बक्षीस शेजारच्या बारा चौकटींना गेले. प्रदर्शनाच्या गुणपत्रिकेत ‘निष्कर्ष’ या सदराला गुण असतात, ‘कुठे थांबलो आणि का’ याला नसतात. नियम करणाऱ्या समित्यांवर आपल्यापैकी कुणी असतील, त्यांनी हे सदर घालायला काय हरकत आहे?

या कामाला ऋतूही सोयीचा आहे. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हाच लिंबाला आणि कढीपत्त्याला नवी पालवी येते, आणि जुलैत शोधायला गेले की रिकाम्या हाताने परतावे लागत नाही. अडचण येते ती रविवारची. अंडी सुट्टी पाळत नाहीत आणि तीन दिवसांत फुटणाऱ्या पुंजक्याचा महत्त्वाचा दिवस हटकून शाळा बंद असताना येतो. त्यासाठी शनिवारी बाटली घरी न्यायची पाळी लावावी. आमच्या ओळखीच्या एका शाळेत ती पाळी मिळवण्यासाठी मुलांत भांडणे होतात, असे तिथल्या बाई सांगतात.